नरखेडची मागणी

नव्या सॉफ्टवेअरचा पहिलाच दिवस, आणि चारुशीलाला खुर्चीत धड बसवत नव्हतं. समोरचा चहा केव्हाच गार झाला होता. मे महिन्याचं ऊन सक्करदऱ्याच्या औषधवाटपाच्या ऑफिसावर नुसतं आग ओकत होतं. सगळ्या डेपोंना ओआरएसच्या पुड्या हव्या होत्या, आणि गोदामात माल मोजकाच.

जुन्या सॉफ्टवेअरात डेपोंची मागणी एकट्या तिच्याकडे यायची. नरखेड डेपोचे नत्थूजी चारशे खोकी मागायचे, ती मुकाट्याने दोनशे करायची. ती अर्धी करते म्हणून ते दुप्पट मागत, की ते दुप्पट मागतात म्हणून ती अर्धी करते, हे देवालाही सांगता आलं नसतं. पण गाडं चाललं होतं. नव्यात मात्र गोदाम, गाड्या, सगळे डेपो एकाच पडद्यावर. कोणी काय मागितलं, कोणी काय कापलं, सगळ्यांना दिसणार.

आजही नरखेडपुढे चारशेच होते. सवयीने तिचा हात गेला. दोनशे.

लगेच फोन वाजला. नत्थूजीच.

"मॅडम, अर्धे तर तुम्हीच कापून राहिल्या. मले दिसून राहिलं इथं."

आजवर ती त्यांना गोदामातच माल नाही, असं सांगत आली होती. तिने परत चारशे टाकले. त्यासरशी सावनेर डेपोची चौकट लाल झाली.

"हे सावनेर काहून लाल झालं?"

"तुमचे चारशे भरले, नत्थूजी. त्यांना आज काही उरलं नाही."

हा माणूस आता हट्टाला पेटला तर? सावनेरला उन्हाने भोवळ येऊन पडणाऱ्यांना काय पाजायचं? कापायला शिवशिवणारा हात तिने माऊसवरून उचलला आणि मांडीखाली दाबून धरला.

फोनवर नत्थूजींचा कळफलक खडखडला आणि पडद्यावरचा नरखेडचा आकडा हलला. चारशेचे दीडशे झाले. सावनेरचा लाल रंग गेला.

तिने कापून दोनशे ठेवले असते; हे त्याहूनही कमी होते.

"नत्थूजी," तिने हळूच विचारलं, "पुरतील ना तुम्हाला तेवढे?"

"हे तुम्ही आज पहिल्यांदा इचारलं, मॅडम."