एल्विस नाचेना

फोलमर्टबाईंनी गिअर बदलला, तरी एल्विस हलला नाही.

हार्टमुट श्ट्राकेने वाकून बाहुल्याच्या बुडाची रबरी चकती चाचपली. घट्ट होती. पांढऱ्या सुटातला तो वीतभर गायक एरवी बारीकशा खड्ड्यालाही कंबर घुसळायचा. गाडीच्या जाहिरातीत झळकला आणि गेल्या उन्हाळ्यात ज्याने त्याने तो काचेमागे चिकटवला. हार्टमुटने मात्र त्याला कामाला लावलं होतं. "माझ्याकडे परीक्षा हाच घेतो," गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगे. "हा नाचला की तुम्ही नापास."

सगळे हसत. फोलमर्टबाई हसल्या नव्हत्या. लायसन्स आहे, पण सवय मोडलीय, एवढंच सांगून त्या बसल्या आणि चर्चसमोरच्या दगडी फरसबंदीवरून गाडी अशी नेली की खाली पाणीच असावं. बाहुला उभा तो उभाच.

"बाई, तुम्हाला माझी गरज काय?" हार्टमुटने विचारलं.

"आहे." त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही. "पुढच्या खेपेला धरणाकडे जाऊ या?"

"तिकडे रस्ता खणलाय."

"परवाच गेले होते मी. मोकळा आहे."

हार्टमुटने वहीत पुढच्या खेपेची वेळ तेवढी लिहून घेतली.

घरी त्याच्या बायकोने, गुद्रुनने, बटाट्याची धिरडी त्याच्यापुढे ठेवली. "ती फिकट केसांची बाई कोण रे? घंटा वाजली नाही, पावलं वाजली नाहीत, बघते तर ऑफिसात उभी. हात मिळवला तर नुसता बर्फ."

"शिकायला येते."

"शिकायला? त्या वयात?" गुद्रुनने तोंडी लावायचा सफरचंदाचा गर त्याच्याकडे सरकवला. "आणि तू खात का नाहीस? थंडीत पेपर वाचणं बंद केलंस. धरणावर फिरायला जाणं बंद केलंस. आता जेवणपण बंद?"

"बरं नाही वाटत जरा."

"नोव्हेंबरपासून बरं नाही तुला," ती म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या खेपेला संध्याकाळ कलली होती. गाव संपलं तशी बाईंनी न विचारता गाडी धरणाच्या रस्त्याला घातली. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. हार्टमुटचा पाय त्यावर होता, पण दाबवेना. दोन्ही बाजूंनी काळी पाइनची झाडं सरकत होती. वळणामागून वळण गेलं. बाहुला दगडासारखा स्थिर. या बाईला वजनच नाही की काय, असं हार्टमुटच्या मनात येऊन गेलं, आणि आलेला विचार काही केल्या जाईना.

पाणी दिसू लागलं त्या वळणावर बाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

एल्विस नाचू लागला.

वारा नव्हता. रस्त्यावर दुसरं चाक नव्हतं. हार्टमुट गुडघे डॅशबोर्डला टेकवून नुसता बघत राहिला. बाहुल्याची कंबर डावीकडे जात होती, उजवीकडे जात होती, थांबतच नव्हती.

"इथेच ना?" बाईंनी हळूच विचारलं.

हार्टमुटचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"मागच्या सीटवर बघा."

मागे एक पांघरूण घडी करून ठेवलं होतं. हिरव्या चौकटींचं, धुतलेलं. एका कोपऱ्यात गुद्रुनच्या इस्त्रीचा करपलेला डाग.

"तुमचंच ना ते?"

हार्टमुटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला माफ करा," तो म्हणाला. "हरीण धडकलं असं वाटलं हो मला. अंधारून आलं होतं, दोन बिअर पोटात होत्या. उतरून बघतो तर तुम्ही. पानांत पडलेल्या, तोंड पलीकडे. फिकट केस तेवढे दिसले. पांघरूण घातलं तुमच्यावर. खालच्या बूथवरून फोन केला, पण नाव सांगायची छाती झाली नाही. लायसन्स गेलं असतं, गाडी शिकवायची शाळा गेली असती. झाडीत गाडी लावून बसलो. मग रुग्णवाहिका गेली समोरून, सायरन नाही, काही नाही, सावकाश. तेव्हाच समजलो. गेलेल्या माणसाला घेऊन कोण घाई करतं?" त्याने वर पाहिलं. "आता न्यायला आलात ना? चला. मी येतो."

फोलमर्टबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

"ती रुग्णवाहिका मी चालवत होते," त्या म्हणाल्या. "त्या पडलेल्या बाईची पाठ मोडली होती. एक धक्का बसता तर संपलंच असतं, म्हणून सावकाश. मारायके नाव तिचं. जगली ती. आता कुबड्या घेऊन चालते."

हार्टमुटने डॅशबोर्डला टेकलेले गुडघे मागे घेतले, आणि एल्विस थांबला.

"कोणीतरी उडवून पळालं आणि मागून एक देवमाणूस येऊन थांबला, असं ती सगळ्यांना सांगते. त्याच्या गाडीच्या छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती, एवढंच तिला आठवतं. नाव न सांगणारा माणूस. सरळ विचारलं तर नाहीच म्हणेल, असं वाटलं मला. म्हणून शिकायच्या निमित्ताने एकेक शाळा पालथी घातली." बाईंनी पांघरुणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सकाळपासून केक करून बसलीय ती, श्ट्राकेसाहेब. तुमचे आभार मानायचेत तिला."