एक गरीब कमी

"काका, हे पैसे मला घेता येणार नाहीत," माफी विभागाचे साहेब म्हणाले आणि टेबलावरची नोटांची पुडकी त्यांनी दोन बोटांनी परत सरकवली. मेलेलं झुरळ सरकवावं तशी.

काटेवाल्यांना वाटलं, कमी भरले. "पुरे साठ हजार आहेत. मोजून घ्या की."

काटेवाले म्हणजे दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी याच धर्मादाय इस्पितळात त्यांच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलली. तेव्हा बिलातले शेवटचे साठ हजार काही केल्या जमेनात, म्हणून संस्थेने ते माफ केले. बायको शुद्धीवर आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ही फुकटातली झडप घेऊन मी जगायचं? नाही जमणार." तेव्हापासून घरात दुधापासून चपलांपर्यंत सगळ्याला कात्री लागली. आज सकाळी तिने पैसे पिशवीत घालून दिले आणि बजावलं, "फेडल्याशिवाय तोंड दाखवू नका."

सकाळपासून काटेवाले चार मजले हिंडले होते. तीन वर्षांपूर्वी जिथे पत्र्याखाली नावनोंदणीचं टेबल होतं, तिथे आता संगमरवर होता, काचेची लिफ्ट होती आणि भिंतीवरून उगाचच पाणी वाहत होतं. चौकशीच्या खिडकीने त्यांना बिल विभागात धाडलं, बिल विभागाने देणगी विभागात. देणगीवाल्यांनी आधी कॉफी दिली आणि नाव इमारतीला हवं की एखाद्या मजल्याला, असं विचारलं. 'माफ झालेले परत करायचेत,' म्हटल्यावर कॉफी अर्धी असतानाच त्यांना इथे पोचवलं.

"हे बघा," साहेब खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "आपली संस्था काही नफ्यासाठी नाही. म्हणून सरकार कर घेत नाही. त्या बदल्यात वर्षाच्या कमाईतला ठरलेला हिस्सा गरिबांना माफ करायचा. आलं ध्यानात? आता यंदा कमाई इतकी झालीय, की माफी पुरी पडेना! आज वर्षाचा शेवटचा दिवस, पाचला वह्या बंद. साठ हजारांची माफी अजून कमी आहे. त्यात तुम्ही फेडलेत, की तुम्हाला तेव्हा दिलेली माफीही यंदाच्या हिशेबातून वजा. मग कमी झाले एक लाख वीस हजार."

"बरं, मग देणगी म्हणून घ्या."

"उद्या या. आज घेतली तर कमाई वाढेल. कमाई वाढली की माफी वाढवा!"

काटेवाल्यांनी मान हलवली, मग थांबवली. "म्हणजे तुमच्याकडे पैसे फार झाले, म्हणून माझे चालत नाहीत?"

"अगदी बरोबर समजलात."

काही समजलं नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकड्यांनी काटे उघडले होते, पण दोन्ही पारडी एकदम वर जाणारा काटा पाहिला नव्हता. त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरले.

खाली पैसे भरायच्या खिडकीपाशी एक बाई रडवेली होऊन भांडत होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा भाऊ, कपडे बदलून, घरी जायला तयार.

"बाकी भरा, लगेच सोडतो," खिडकीतला माणूस म्हणाला.

"अहो, दोन दिवस तेच सांगतेय, नाहीयेत! बरा झालेला माणूस अडकवून ठेवलाय, वर खाटेचं भाडं रोज चढवताय!"

"आजचं धरून साठ हजार दोनशे."

बाईच्या मुठीत दोनशेच होते. काटेवाल्यांनी एकवार पिशवीकडे पाहिलं, एकवार भावाच्या खुर्चीकडे. ज्यांचं देणं होतं त्यांच्याच गल्ल्यात जाणार होतं. मग अडलं कुठे? त्यांनी पुडकी आत सरकवली. "बाईंच्या नावावर घ्या."

कुणाचे, कशाचे, काही विचारणं नाही. यंत्राने नोटा फडफड मोजल्या, पावती बाहेर आली.

"तुम्ही कोण हो दादा?" बाईने विचारलं.

"मी फेडतोय," काटेवाले म्हणाले. तिला ओ की ठो कळलं नाही. पण कुणाचं मन बदलायच्या आत तिने भावाची खुर्ची दाराबाहेर काढली सुद्धा.

काटेवाल्यांना जरा हलकं वाटलं न वाटलं, तोच लिफ्टमधून माफीवाले साहेब कागद नाचवत धावत आले. "ती बाई कुठंय? भावाला घेऊन होती ती?"

"गेली. भरले तिचे मी."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "काका, काय केलंत हे! तिचीच माफी लिहून ठेवली होती मी. फक्त सही राहिली होती!"

"मग सकाळीच का नाही केलीत? दोन दिवस रडतेय ती."

"असं लगेच करून कसं चालेल? शेवटच्या तासापर्यंत थांबावं लागतं. बहुतेक जण आणतात हो कुठून तरी."

काटेवाले चक्रावून उभेच राहिले. बाईचं भलं केलं, की तिची माफी बुडवली? फेडलं, की इस्पितळाला खड्ड्यात घातलं? आणि घरी जाऊन नेमकं काय सांगायचं?

साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. अर्ध्या तासात दुसरा गरीब आणायचा कुठून? त्यांची नजर दिवाणखान्यासारख्या त्या दालनातून भिरभिरत फिरली आणि काटेवाल्यांवर येऊन थांबली. शिवलेली चप्पल. विटका सदरा. रिकामी पिशवी.

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली.

"बसा काका. तुमचं कुठं काही दुखतंय का हो?"