लाल सील

"चार, एक, आठ," बाईंनी सीलवरचे शेवटचे आकडे मोठ्याने वाचले.

"कागदावर शून्य, सहा, तीन आहे," बंदराच्या गेटवरचा कारकून म्हणाला. "नीट बघा, बाई."

माल तपासणाऱ्या बाई कंटेनरच्या दारापाशी वाकल्या होत्या. कडीतून ओवलेल्या बोटभर जाड पोलादी सीलवरची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली आणि पुन्हा पाहिलं. चार, एक, आठ. कारखान्यात लावलेलं सील हे नव्हतं. वाटेत कोणीतरी ते कापून दार उघडलं होतं आणि दुसरं सील ठोकून मोकळं झालं होतं.

कागदावर मात्र तीन नाक्यांचे तीन शिक्के होते. तिन्हींवर एकच मजकूर: सील तपासले, बरोबर.

"कोणी तपासलं?" बाईंनी ट्रकच्या ड्रायव्हरला विचारलं.

"खरं सांगू का ताई, दाराकडे कोणी आलंच नाही," तो म्हणाला. "ते खिडकीतून कागदावरचा नंबर वाचतात, आपण खालून 'बरोबर' म्हणायचं. तिसऱ्या नाक्यावर तर वाचलाही नाही. चहा आला होता."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ड्रायव्हरवर ओरडून काय होणार? इथेही तीच तऱ्हा होती. आधी सील वाचायचं आणि मग कागद बघायचा, एवढं साधं काम. ते त्या करायच्या म्हणून अख्खं बंदर त्यांना 'भिंगवाल्या बाई' म्हणून हसायचं.

आत लहान मुलांच्या तापाचं औषध होतं. अठराशे खोकी, परदेशातल्या दवाखान्यांसाठी. सकाळीच बाईंनी तापलेल्या नातीला मांडीवर घेऊन तशीच एक बाटली उघडली होती. झाकण कट्‌कन वाजलं तेव्हाच त्यांनी चमचा भरला. तिकडेही कोणाची तरी आजी झाकणाचा आवाज ऐकेल आणि निर्धास्तपणे चमचा भरेल. तिला काय ठाऊक की खोकी वाटेतच कोणीतरी हाताळली आहेत? कोणी, कशासाठी, हे तर इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक करून घ्यायची कोणाला गरजही वाटत नव्हती.

बंदराचा मॅनेजर घड्याळ बघतच आला. जहाज पाचला सुटणार होतं.

"लिहिताना चूक झाली असेल, बाई."

"तिन्ही आकड्यांत?"

"तीन ठिकाणची माणसं बरोबर म्हणताहेत. ती सगळी आंधळी, आणि डोळस तेवढ्या तुम्ही?"

"साहेब, तुम्हीच बघा ना. इथेच तर आहे."

मॅनेजर दोन पावलांवर उभा होता. तो काही वाकला नाही. "शेरा मारा," तो म्हणाला. "वाटेत सील खराब झालं, बदललं."

"कोणी बदललं?"

"राईचा पर्वत करू नका. आत खोकी जशीच्या तशी असतील, माझी खात्री आहे."

"मग उघडून बघू."

"उघडून, मोजून, नमुने तपासायला दोन दिवस जातील. जहाज थांबणार आहे का?"

बाई केबिनमध्ये गेल्या, कपाटातून लाल सील काढलं आणि परत येऊन ते दारावर ठोकलं. लाल सील म्हणजे माल रोखला. त्याचा नंबर त्यांनी वहीत लिहिला, खाली स्वतःचं नाव घातलं, वेळ टाकली, आणि वही गेटवरच्या टेबलावर उघडीच ठेवली.

"हे काय चालवलंय?" मॅनेजरचा आवाज चढला. "काढा ते. कटर आणा."

कटर आला. लाल सील कोणीही कापू शकत होतं, तशी मनाई नव्हती. फक्त कापणाऱ्याने वहीतल्या पुढच्या रकान्यात आपलं नाव लिहायचं होतं. रकान्यावर छापलेलं होतं: माल सुरक्षित असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.

मॅनेजरने कटर कारकुनाच्या पुढे केला. कारकुनाला एकदम फोन आला. खिशातला फोन वाजला नव्हता, तरी तो कानाला लावून बाजूला गेला.

कंटेनर उचलायला थांबलेला क्रेनचा फोरमन म्हणाला, "आमचं काम उचलायचं, साहेब. कापायचं नाही."

ड्रायव्हरने दोन्ही हात मागे घेतले. "मी तर बाहेरचा माणूस."

मघापर्यंत या सगळ्यांना बाईंचं डोकं फिरलंय असं वाटत होतं. आता कटरला हात लावायला एकही जण पुढे येत नव्हता. बाईंना त्यांची कीव यायला हवी होती. ती आली नाही. नुसता संताप आला, आणि त्यांनी तो लपवला नाही.

"एकालाही नाव लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि औषध मात्र पोरांनी प्यायचं."

धक्क्यावर जहाजाचा भोंगा वाजला. मॅनेजरच्या हातात कटर तसाच होता. बाईंनी वही त्याच्याकडे फिरवली, पेनचं टोपण काढलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"तुम्हीच कापा, साहेब. तुमची तर खात्री आहे."

मॅनेजरने सीलकडे पाहिलं. मग रकान्याकडे पाहिलं. मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने तो बाईंकडे झुकला.

"नाव लिहावंच लागतं का?"