वाचवलेला दात

पुठ्ठेवालीनं दात काढला नाही, वाचवला. शिलाईवालीला हे सोमवारी सकाळी कळलं आणि दिवसभर तिच्या दोऱ्याला गाठी पडत राहिल्या.

“एका दातासाठी एवढं?” तिनं विचारलं.

“तीन खेपा झाल्या. आत औषध भरलं, वर टोपी बसवली,” पुठ्ठेवाली खळीचा ब्रश फिरवत म्हणाली. “काढला असता तर शेजारचे हलले असते. मग त्यांचं वेगळंच.”

शिलाईवालीची जीभ आपसूक स्वतःच्या गालाच्या आत गेली. तिथं दोन दाढा नव्हत्या. दुखल्या, उपटून घेतल्या, कटकट मिटली. दात वाचवायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाइंडिंगखान्यात बायका दोघीच. एक छापील पानांच्या घड्या शिवायची, दुसरी त्यांच्यावर पुठ्ठा चढवायची. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, पगारही सारखाच. तीन महिन्यांपासून कामं आटली होती आणि दोघींना अर्ध्यावर भागवावं लागत होतं. निदान शिलाईवालीला तरी भागवावं लागत होतं.

पुठ्ठेवालीचं बालपण बंगल्यात गेलं होतं. पुढे वडिलांचा धंदा बुडाला, बंगला गेला, असं ती सांगायची. शिलाईवालीचा त्यावर विश्वास नव्हता. हत्ती मेला तरी त्याची किंमत उतरत नाही. आत कुठंतरी पुरून ठेवलं असणारच. नाहीतर पायात कातड्याचे बूट कुठून येतात? गेल्या वर्षी त्यांना नवा तळ बसवून आणला, तेवढ्यात शिलाईवालीच्या तीन चपला झाल्या असत्या.

“स्वस्तातलं मला परवडत नाही हो,” बुटांचा विषय निघाला तेव्हा पुठ्ठेवाली म्हणाली होती. म्हणतानाचा चेहरा अगदी साधा. तो साधेपणाच शिलाईवालीच्या डोळ्यांत सलला. बढाई मारावी तर उघड मारावी.

चार वाजता शिलाईवालीनं नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरून चहा मागवला. कटिंग मशीनवाल्या काकांनाही एक सांगितला. एकटीनं घोट घेणं तिच्या रक्तात नव्हतं. पुठ्ठेवालीनं घरून आणलेल्या थर्मासचं झाकण उघडलं.

“तुम्हालाही एक चहा सांगू का?” शिलाईवालीनं विचारलं.

“नको, माझा आहे.” मग झाकणात चहा ओतत पुठ्ठेवाली म्हणाली, “रोज बाहेरचा चहा. मजा आहे तुमची.”

हा टोमणा शिलाईवालीनं गिळला, पण तो पोटात जाऊन बसला.

संध्याकाळी घरी जाताना तिनं शाम्पूची एक पुडी, वाटीभर तेल आणि बिस्किटांचा पुडा घेतला. लेकीसाठी केसांच्या क्लिपाही घेतल्या.

“पुन्हा क्लिपा?” नवरा म्हणाला. तो रंगकाम करायचा, पण आठवडाभर घरीच होता.

“दहाची तर वस्तू. ती काय दातावर टोपी बसवून मागतेय का?” ती म्हणाली. मग पुठ्ठेवालीचं सगळं पुराण तिनं त्याला ऐकवलं. तेल घेते तर डबाच उचलते. छत्री घेते तर दहा वर्षं टिकणारी. अर्ध्या पगारात.

“तिचं तिच्यापाशी. तू कशाला जळतेस?”

“मी कशाला जळू?”

तिच्या आईच्या घरी आठ तोंडं होती. पैसा हातात आला की संध्याकाळच्या आत त्याला पाय फुटायचे. कोणी मामा मागायला यायचा, कोणी आजारी पडायचं. म्हणून आई सांगायची, आहे तोवर खाऊन घ्या, उद्या तो आपला नसतो. हे तिला चांगलं कळत होतं. उद्याचा दात आज वाचवणाऱ्या बाईचं मात्र तिला काही कळत नव्हतं.

बुधवारी मालकांनी दोघींना समोर उभं केलं. ते चष्मा पुसत राहिले. पुढल्या महिन्यापासून शिलाई आणि पुठ्ठा एकाच बाईनं करायचं, पगार पूर्ण मिळेल. दुसरीला ठेवणं जमणार नाही. कोण राहणार ते शनिवारी सांगू.

त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. गुरुवारीही नाही. पुठ्ठेवाली मान खाली घालून पुठ्ठे घासत होती, आणि शिलाईवालीला तिचे ते चकचकीत बूट टेबलाखाली सारखे दिसत होते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत शिलाईवाली मालकांच्या खोलीत गेली आणि न बोलावता खुर्चीवर बसली.

“मालक, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण जे दिसतं ते सांगते. नोकरी गेली तरी त्या बाईचं काही अडणार नाही. तिचे खर्च बघा. तिला कुठूनतरी येतंय, म्हणून तर असा हात सैल. अर्ध्या पगारात माझ्या घरात जीव टांगणीला लागलाय आणि तिला काळजीचा लवलेश नाही. मी इथून गेले तर माझी लेक उघड्यावर पडेल. खोटं वाटत असेल तर कटिंगवाल्या काकांना विचारा.”

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. थोडी लाजही वाटली, पण ती हलकेपणापेक्षा कमी होती.

 मालकांनी टेबलावरचं पाणी तिच्याकडे सरकवलं.

“बाई,” ते म्हणाले, “काल त्या याच खुर्चीवर बसल्या होत्या. तुमच्याबद्दल शब्दन् शब्द हेच सांगत होत्या. आणि मी त्यांना कालच शब्द देऊन बसलोय.”