तगरीचा चर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जळबा अन् मालनबाईनं आपलं तान्हं लेकरू पुसेगावच्या शेतात, बांधाजवळ पुरलं. तेव्हा काळी जमीन भेगाळून कोरडी ठक्क पडली होती. पावसाळा लागला तसं मालनबाईनं त्या जागेवर तगरीचं रोप लावलं. ते पिवळं पडून गेलं. दुसरं लावलं, तेही मान टाकू लागलं.

जळबानं ते उपटून पाहिलं. मुळं काळी पडून सडली होती अन् खड्ड्यात गढूळ पाणी साचलं होतं. त्या चिकण मातीत पाणी मुरतच नव्हतं.

“काहून सडलं?” मालनबाईनं विचारलं.

“रोपच खराब होतं,” तो म्हणाला अन् घाईघाईनं पायानं माती लोटून त्यानं खड्डा बुजवला.

दुसऱ्या दिवशी भुरभुर पावसात तो कुदळ-फावडं घेऊन एकटाच शेतात गेला आणि त्या जागेपासून नाल्यापर्यंत चर खोदायला लागला. दुपारी मालनबाई भाकर घेऊन आली. तिनं वाकून चराची खोली पाहिली.

“तगरीला पाणी जास्त होऊन राहिलं,” जळबा मान खाली घालून म्हणाला. “आता जाईल निघून.”

मालनबाईनं भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं, पदर खोचला अन् फावडं हातात घेतलं.

“तगरीपुरतं झालं हे,” ती म्हणाली. “लेकरू खाली हाय. अजून खोल घ्या.”