डब्यावरचं नाव

"मूळव्याधच हाय," म्हणत म्हणत नवरा आतड्याच्या कॅन्सरनं गेला, तेव्हापासून लासुर्ण्याची संजीवनी पिठाच्या गिरणीच्या कमाईतून गावाला तपासणीच्या डब्या फुकट वाटायची. "शौचाचा नमुना घ्या, नाव लिवा अन् दवाखान्यातल्या पेटीत टाका," सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली. लोक मात्र चोरीचा माल असल्यासारखी डबी पिशवीत दडवायचे.

आज डॉक्टरांचा फोन आला. "एका नमुन्यात रक्त सापडलंय. त्या माणसाला ताबडतोब पाठवा."

"कुणाचा हाय?"

"तेच विचारतोय. डबीवर नावच नाही."

संजीवनीनं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात गिरणीच्या दारातनं दळण न्यायला आलेले भिमाआबा ओरडले,



"सूनबाई, माझा पिठाचा डबा दुसऱ्याला देऊ नगं! चांगलं ऑइलपेंटनं नाव घातलंय त्याच्यावर!"