शुगरवरचा काढा

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये शेखरने स्वतः बनवलेल्या बिअरची पहिली बाटली उघडली. बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्सची, एकाच जातीची फुलं घातली होती, तो कडवटपणा चाखायला जीव नुसता आसुसला होता. पेला ओठाला लावणार, तोच गावाहून आलेले वडील, अण्णा, दारात उभे.

"काय पितो रे?"

"काढा आहे अण्णा, शुगरवरचा."

"मंग मला दे आधी. माझी लय वाढलीय."

शेखर "अहो, नको" म्हणेपर्यंत अण्णांनी पेला रिकामा केला.

"कडू हाय, म्हणजे गुण येणार," मिशा पुसत ते म्हणाले.



मग गळ्यातल्या माळेला हात लावून पुढे बोलले, "आन् गावात लोक म्हणतात, तू घरी दारू करतो! कालच पारावर या तुळशीच्या माळेची आण घेऊन सांगून आलो, माझ्या शेखरच्या घरात थेंब सापडायचा नाय."